आरोपी सुटला, जखम कुठं सुटली?

गावात अत्याचाराच्या केसचा निकाल लागतो. आरोपी निर्दोष सुटतात. गुलाल उधळला जातो. आणि चावडीवर एक वाक्य फिरायला लागतं : "पैशासाठीच केस केली होती त्यांनी. बघा, सुटली की पोरं." त्याच रात्री आपल्या वस्तीत दुसरं वाक्य फिरतं. आपलाच एखादा तडफदार कार्यकर्ता म्हणतो : "आता सरकारचे पैसे मागायला जाऊ नका. रक्ताचा पैसा आहे तो. घेतला की लढा विकला."

एक वाक्य गावाचं, एक आपलं. पण दोन्ही जाऊन बसतात एकाच माणसाच्या उरावर. ज्यानं मार खाल्ला त्याच्या. गाव म्हणतं, तुला हक्क नाही. आपण म्हणतो, हक्क असला तरी वापरू नको. मग त्याच्या हातात काय उरतं? प्लास्टर.

या दोन वाक्यांची मला झडती घ्यायची आहे. मी वकील नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस आहे. शाळा दहावीत सुटली. कायद्याची पुस्तकं विहारातल्या कपाटातून आणली आणि रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात वाचली. जे कळलं नाही ते पुन्हा वाचलं. प्रश्न असा आहे : गुन्हेगाराला शिक्षा झाली नाही, तर ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला भरपाई मागायचा नैतिक अधिकार आहे का?

आधी निर्दोष सुटणं म्हणजे काय ते बघू.

फौजदारी कोर्ट एकच प्रश्न विचारतं. समोर उभा आहे त्याच माणसानं हे केलं, हे संशयाला जागा न ठेवता शाबीत झालं का? नाही झालं, तर तो सुटला. एवढंच. कोर्ट असं म्हणत नाही की हात मोडलाच नाही, घर जळलंच नाही, बाई मेलीच नाही. पण गाव निकालाचा अर्थ लावतं तो असा की काही घडलंच नव्हतं.

बिहारात १९९६ सालच्या जुलैत बथानी टोल्यात २१ माणसं मारली. बहुतेक बायापोरं. आरा कोर्टानं २०१० साली २३ जणांना दोषी धरलं. २०१२ साली पाटणा हायकोर्टानं तेवीसच्या तेवीस सोडले. लक्ष्मणपूर बाथे, १ डिसेंबर १९९७. एका रात्रीत ५८ मेले. २६ जणांना २०१० साली शिक्षा, २०१३ साली हायकोर्टात सगळे निर्दोष. आंध्रात चुंडूर, ऑगस्ट १९९१. आठ दलित कापले. खास कोर्टानं २००७ साली शिक्षा दिली, २०१४ साली हायकोर्टानं सगळ्यांना सोडलं. आणि आपल्या दारातलं सांगायचं तर नगर जिल्ह्यातलं खर्डा. एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांचं पोरगं मारलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सेशन कोर्टात आरोपी निर्दोष. साक्षीदार फितूर.

आता हिशेब करा. बाथ्यात अठ्ठावन्न प्रेतं, आणि हायकोर्टाच्या कागदावर मारणारा कोणी नाही. मग काय अठ्ठावन्न माणसं आपणहून गोळ्यांवर जाऊन पडली? प्रेतं खरी आहेत, त्यांची राख खरी आहे. फक्त कोणी मारलं ते शाबीत झालं नाही.

इथं एक गोष्ट सांभाळून बोलली पाहिजे. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, या नियमावर चिडून उपयोग नाही. तो नियम आपल्यालाही लागतो. चोरीच्या, दंगलीच्या, मोर्चाच्या खोट्या केशीत आपलीच पोरं पहिली उचलली जातात आणि पुष्कळदा त्याच नियमानं बाहेर येतात. तेव्हा नियम राहू द्या. पण आरोपीला तुरुंगात घालायला जेवढा पुरावा लागतो, तेवढाच पुरावा जखमी माणसाच्या ताटात भाकरी घालायला का लागावा?

गिरणीतलं उदाहरण घ्या. साच्यात एखाद्याचं बोट गेलं. आपण असं म्हणतो का की आधी मालकावर खटला भरा, त्याला जेलात घाला, मग बोटाचे पैसे? म्हणत नाही. १९२३ साली इंग्रजाच्या अमदानीत कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला, त्याचं तत्त्वच हे होतं. कामावर असताना अपघातात अंग गेलं तर मालकानं भरून द्यायचं, मग त्याची चूक शाबीत होवो न होवो. कारण साचा त्याचा, गिरणी त्याची, नफाही त्याचा. कामगाराच्या बोटाला जे तत्त्व शंभर वर्षांपूर्वी लागू झालं ते दलिताच्या मोडलेल्या हाताला लावताना लोकांची जीभ का अडखळते?

उत्तर येतं : तिथं मालक आहे, इथं मालक कोण?

इथं राज्य आहे. राज्य आपल्याला सांगतं, काठी उचलू नका. कोणी मारलं तर उलटं मारू नका, चौकीत या. आपण काठी खाली ठेवली. बाबासाहेबांनी संविधानाची वाट दाखवली म्हणून विश्वासानं ठेवली. त्या बदल्यात राज्यानं शब्द दिला की तुमच्या जिवाची राखण आम्ही करू. ज्या दिवशी वस्तीवर हल्ला झाला त्या दिवशी तो शब्द मोडला. हल्ला कोणी केला हे शाबीत व्हायला दहा वर्षं लागोत, शब्द मोडला ते त्याच रात्री शाबीत झालं.

म्हणजे खाती दोन आहेत. एक आरोपी आणि कायदा यांच्यातलं. त्यात शिक्षा किंवा सुटका. दुसरं राज्य आणि जखमी माणूस यांच्यातलं. त्यात देणं. पहिल्या खात्यावर फुली मारली म्हणून दुसरं बंद होत नाही.

हे मी मनानं रचलेलं नाही. संयुक्त राष्ट्रसंघानं १९८५ साली गुन्ह्याच्या बळींविषयी जाहीरनामा काढला. गुन्हेगार ओळखला, पकडला, त्याच्यावर खटला झाला किंवा तो दोषी ठरला, यातलं काहीही झालं नसलं तरी बळी हा बळीच धरला जाईल, असं त्यात लिहिलं आहे. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९३ साली ओरिसातल्या एका आईला दीड लाख रुपये द्यायला सरकारला लावलं. तिचा बावीस वर्षांचा पोरगा पोलिसांच्या ताब्यात गेला आणि रेल्वेच्या रुळावर त्याचं प्रेत सापडलं. आईनं कोर्टाला पत्र लिहिलं होतं, तेच अर्ज म्हणून धरलं. कोणाला शिक्षा होईपर्यंत कोर्ट थांबलं नाही.

पुढं फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७अ आलं. २००९ च्या शेवटच्या दिवशी ते लागू झालं. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३९६ म्हणून आहे. त्यात दोन गोष्टी आहेत, त्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजेत. आरोपी निर्दोष सुटले आणि तरी बळीचं पुनर्वसन करायची गरज असली, तर कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. आणि गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी बळीला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. मारणारा अंधारात पळून गेला म्हणून मार खाल्लेल्यानंही अंधारात बसावं, असं कायदा म्हणत नाही.

आता आपल्या कायद्याकडं या. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे, मोठी दुरुस्ती २०१६ ची. मदत सात दिवसांच्या आत द्यायची आहे. खून झाला तर सव्वाआठ लाख. निम्मे पोस्टमार्टेम झाल्यावर, निम्मे चार्जशीट कोर्टात गेल्यावर. म्हणजे खुनात अख्खी रक्कम निकालाच्या आधी. त्याच नियमात आणखी काय लिहिलंय माहीत आहे? भांडी. तांदूळ, गहू, डाळ. तीन महिन्यांपुरतं. मी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. सरकारी भाषेत इतकी खरी ओळ क्वचित सापडते. ज्यानं ती लिहिली त्याला ठाऊक होतं की जळलेल्या वस्तीत दुसऱ्या दिवशी सकाळी कायद्याच्या आधी भांडं लागतं.

पण बाकी बऱ्याच गुन्ह्यांचा हिशेब वेगळा आहे. पाव हिस्सा गुन्हा नोंदल्यावर, निम्मा चार्जशीट गेल्यावर आणि उरलेला पाव खालच्या कोर्टात आरोपी दोषी ठरल्यावर. म्हणजे आरोपी सुटला की बळीच्या जखमेतली पाव जखम कायद्यानं रद्द. डॉक्टरच्या कागदावर जखम पूर्ण आणि कोषागाराच्या कागदावर पाऊणच. हा पाव हिस्सा निकालाला बांधून ठेवणं तत्त्वात बसत नाही. तो सोडवून घ्यायची मागणी आपण केली पाहिजे.

उलट सूर असा निघतो की सगळेच पैसे निकालाला बांधा. २०२२ साली अलाहाबाद हायकोर्टाच्या एका न्यायाधीशानं तसं मत नोंदवलं. करदात्याच्या पैशाचा दुरुपयोग होतो, म्हणून आरोपी दोषी ठरल्यावरच भरपाई द्यावी, असं. मी त्या खुर्चीचा मान ठेवून विचारतो. निकालाला पाच वर्षं लागतात, दहा लागतात. तोवर त्या बाईनं चूल कशावर पेटवायची? तारखेवर? करदाता म्हणजे कोण? आम्ही चहा पावडर घेतो, काडेपेटी घेतो, चप्पल घेतो, त्यात कर नसतो का? राहिली खोटी केस. कोणी खोटी केस केली तर तिची चौकशी करा, त्याला धरा. गिरणीत एकानं सूत चोरलं म्हणून पाळीवरच्या सगळ्यांचा पगार अडवत नाहीत.

माझ्या चुलत्याचं सांगतो. ते गवंडीकाम करायचे. जयंतीची मिरवणूक देवळासमोरून नेली म्हणून मारहाण झाली, त्यात त्यांचं उजवं कोपर गेलं. हात सरळ होत नाही, थापी धरता येत नाही. केस पाच वर्षं चालली. सहा साक्षीदार होते, पाच फिरले. मी त्यांना लबाड म्हणणार नाही. त्यातल्या एकाचं दुकानदाराकडं उधारीचं खातं होतं, दुसऱ्याची बायको ज्यांच्या शेतात खुरपायला जायची ते आरोपीचे भाऊबंद, तिसऱ्याच्या घराची वाटच त्यांच्या बांधावरून. बाबासाहेबांनी १९४७ सालीच घटना समितीसाठी केलेल्या मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली होती. बहिष्काराला काठी लागत नाही, पिठाची गिरणी बंद केली तरी भागतं. ज्या गावात साक्षीची किंमत रोजच्या दळणानं मोजतात, तिथं आरोपी सुटले म्हणून मार खोटा होता असं कोण म्हणेल?

चुलत्यांना पहिला हप्ता मिळाला होता. चार्जशीटनंतरचा अडकला होता. निकालानंतर चुलती त्याची चौकशी करायला कचेरीत गेली. मी बरोबर होतो. टेबलामागचा माणूस म्हणाला, "निकाल तुमच्या विरोधात गेलाय बाई. आता कसले पैसे?" चुलती शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "साहेब, हात कुणी मोडला ते कोरटाला कळलं न्हाई. पन हात मोडलाय, त्ये तर दिसतंय ना?"

एवढी पुस्तकं वाचून मी जे दोन खात्यांचं गणित मांडलं, ते तिनं एका दमात सांगितलं. आणि कायद्यानंही तीच बरोबर होती. चार्जशीटचा हप्ता चार्जशीटलाच देणं होता. निकालाचा आणि त्याचा संबंध नव्हता.

आता आपल्या माणसांच्या वाक्याकडं येतो. रक्ताचा पैसा. हे वाक्य मी टाकून देत नाही, कारण त्यात स्वाभिमान आहे, आणि स्वाभिमान हीच आपली पहिली कमाई आहे. पण स्वाभिमानालाही विचारलं पाहिजे की तू कशाला नाही म्हणतोयस.

पैसे दोन तऱ्हेचे येतात. एक येतो रात्री. सरपंचाचा माणूस येतो, हातात पाकीट. "झालं ते झालं, गावात राहायचंय ना? लाखभर घे, कोर्टात आठवत नाही म्हण." हा तडजोडीचा पैसा. दुसरा येतो दिवसा, कागदावर, सरकारी शिक्क्यानं, बँकेच्या खात्यात. दोन्ही नोटांवर चित्र एकच. फरक ओळखायला तीन प्रश्न विचारा. कोण देतो? कशाबद्दल देतो? कोणत्या अटीवर देतो? तडजोडीत मारणारा देतो, साक्ष मोडण्याबद्दल देतो आणि तोंड बंद ठेवायच्या अटीवर देतो. भरपाईत राज्य देतं, राखण न केल्याबद्दल देतं, आणि तोंड बंद ठेवायची अट तिथं नसते. पहिला पैसा साक्षीदार विकत घेतो. दुसरा त्याला उभा ठेवतो. कारण खाडे करून, उपाशी पोटी पाच वर्षं तारखांना कोण जाईल? म्हणून तर त्याच नियमांत बळीला आणि साक्षीदारांना कोर्टात यायचा प्रवासखर्च आणि भत्ता लिहून ठेवला आहे. किती जणांनी तो मागितला? आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो अर्ज भरून दिला?

'जातिभेद निर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला. नियम सांगतो अमुक कर, तमुक करू नको. तत्त्व माणसाला विचार करायला लावतं आणि त्याच्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर टाकतं. "पैसे घेऊ नका" हा नुसता नियम झाला. ज्याचं घर जळालं नाही त्यानं, ज्याचं जळालं त्याच्यावर लादलेला. आपण मोर्चातून घरी येतो, जेवतो, झोपतो. तिकडं त्या घरात म्हातारीची गोळी संपलेली असते. आपल्या बाणेदारपणाचं बिल त्या म्हातारीनं भरायचं का?

मात्र कार्यकर्त्याच्या वाक्यात एक खरी भीती आहे. हल्ला झाला की दोन दिवसांनी गाड्या येतात. पुढारी येतो, चेक येतो, फोटोवाला येतो. चेक देताना पुढाऱ्याचं तोंड कॅमेऱ्याकडं आणि बाईचं तोंड जमिनीकडं. फोटो छापून येतो आणि सरकारचं मन मोकळं होतं. मग तपास ढिला पडतो, चार्जशीट पातळ होतं, सरकारी वकील तारखेला येत नाही. असा चेक प्रेतावर टाकलेल्या कापडासारखा असतो, खाली काय आहे ते दिसू नये म्हणून. या भीतीवर उपाय पैसे नाकारणं हा नाही. नाकारले तर सरकारचे दोन्ही फायदे, पैसेही वाचले आणि तपासही टळला. उपाय असा की पैसे खात्यात घ्यायचे, फोटोला उभं राहायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी चार्जशीटची तारीख विचारायला जायचं. खालच्या कोर्टात आरोपी सुटले तर बळीला स्वतः अपील करायचा हक्क २००९ पासून आहे. भरपाई घेतली म्हणून तो जात नाही.

आणखी एक आक्षेप माझा मलाच टोचतो. भरपाई सरकारी तिजोरीतून जाते. मारणाऱ्याच्या खिशाला धक्का लागत नाही. बघत उभ्या राहिलेल्या गावाला तर कशाचाच धक्का नाही. मग हा कसला न्याय? आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर कायद्यातच धूळ खात पडलंय. अत्याचार कायद्याचं सोळावं कलम उघडा. नागरी हक्क संरक्षण कायद्यातली सामूहिक दंडाची तरतूद तिथं लागू केली आहे. गुन्ह्याला साथ देणाऱ्या, गुन्हेगार लपवणाऱ्या वस्तीवर राज्य सरकारला दंड बसवता येतो. आपल्या निवेदनांत फाशीची मागणी असते, तपास दुसऱ्या यंत्रणेकडं द्यायची मागणी असते. सोळाव्या कलमाची मागणी कितींदा असते?

पैशानं न्याय होत नाही, हे मला शिकवू नका. चुलत्यांचं कोपर पैशानं वाकणार नाही. बाथ्याची माणसं पैशानं उठणार नाहीत. कोणी मारलं हे भर कोर्टात ठरलं पाहिजे, हे देणं वेगळं आहे, आणि ते फिटेपर्यंत आपण दार वाजवत राहणार. पण एक देणं फिटत नाही म्हणून दुसरंही सोडून द्यायला आपण सावकार नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्या नावावर फक्त घेणेकरी आले. आता पहिल्यांदा राज्य आपलं देणेकरी आहे, आणि ते कागदावर लिहिलेलं आहे. देणेकऱ्याकडं मागायला जाताना मान खाली घालायची नसते.

म्हणून, दोस्तांनो, पुढच्या वेळी वस्तीवर जाल तेव्हा घोषणांच्या आधी कागद काढा. फिर्यादीची प्रत, डॉक्टरी कागद, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. सातवा दिवस कधी भरतो ते लिहून ठेवा. अर्जाची पोच घ्या. आरोपी सुटले तर विधी सेवा प्राधिकरणाकडं दुसरा अर्ज टाका आणि अपिलाची मुदत मोजा. चावडीवर कोणी "पैशासाठी केली" म्हणालं, तर शांतपणे विचारा, तू दोन लाखांसाठी तुझं कोपर मोडून घेशील का?

आणि बळीच्या हाताला धरून पावतीवर सही किंवा अंगठा घेताना त्याला एवढंच समजावून सांगा. या कागदावर 'मिळाले' असं लिहिलं आहे. 'मिटले' असं नाही.

जयभीम.